डाव्या हाताची चहाडी

एका ठिपक्याला जुळं झालं होतं.

पोनियेमने कापड उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले. पानाच्या पोटात सात ठिपके हवे होते. सात होतेच, पण पाचव्याला खेटून मेणाचा आणखी एक थेंब बसला होता, चिलटाएवढा. ती नऊ वर्षांची असताना आईने तिच्या हातात पहिल्यांदा चांटिंग दिली होती: तांब्याची बोराएवढी कुपी, पुढे सुईसारखी चोच, मागे बांबूची दांडी. कुपीत उकळतं मेण घ्यायचं, चोचीवर हलकी फुंकर मारायची आणि कापडावर लिहायचं; मेण बसेल तिथे रंग चढत नाही. आज ती सदुसष्ट वर्षांची होती. एवढ्या वर्षांत तिच्या ठिपक्याने कधी पिल्लू घातलं नव्हतं.

मग हे कुणाचं?

तिने आधी डावीकडे पाहिलं. मेणाच्या एका कढईभोवती चौघीजणी बसत, आणि गेली एकवीस वर्षं पोनियेमच्या डाव्या अंगाला जुमिराह. वयाने सहा वर्षांनी लहान, तोंडाने गोड, हाताने चांगली. पोनियेमच्या खालोखाल बारीक ठिपके कुणाला जमत असतील तर हिलाच. पोनियेम उठली तर त्या जागेवर कोण बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

"तुझ्या बुडाखाली मुंग्या आहेत का गं?" पोनियेम म्हणाली.

"का, यू?" जुमिराह तिला यू म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

"घोडी हलवतेस माझी."

कापड बांबूच्या घोडीवर टांगलेलं असतं. तिला धक्का लागला की चोच घसरते. जुमिराहने आपला पाट वीतभर दूर सरकवला. "घे. आता मध्ये म्हैस बसेल."

बाकीच्या दोघी हसल्या. पोनियेम हसली नाही. भांडायचं सोडून जी बाई पाट सरकवते, तिच्या मनात काहीतरी शिजत असतं.

दुपारची नमाज झाली, भात आणि सोयाबीनचं टेंपे खाऊन झालं, आणि पोनियेम परत येऊन बसली तर जुळं गायब. त्या जागी कापड किंचित चकाकत होतं, बस. चूक दिसली तर माणूस हळहळतो. चूक आपल्या पायांनी निघून गेली तर काय करावं?

तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंही आणि नव्हतंही. इमोगिरीच्या डोंगराखाली मालकीण बू लारास हिच्या पडवीत कामाची उतरंड होती. सगळ्यांत वर बारीक ठिपके. मग रेघा. सगळ्यांत खाली लिंपण, म्हणजे मोठ्या मोकळ्या जागा जाड मेणाने बुजवायचं काम. ते नवशिक्यांना मिळायचं, आणि मोडीत निघालेल्यांना. पोनियेमने तीन म्हाताऱ्यांना ठिपक्यांवरून लिंपणावर उतरताना पाहिलं होतं. तिघींनाही कुणी हाकललं नाही. मालकीण फक्त म्हणाली होती, "आता जरा आराम करा." त्या आरामातच त्या वर्षभरात वाकल्या. आणि तीन महिन्यांनी सोलो शहरातल्या एका जुन्या घराण्याचं लग्नाचं कापड पडवीत येणार होतं. एवढ्या बारीक ठिपक्यांचं कापड दहा वर्षांत आलं नव्हतं.

दबून राहणं पोनियेमला ठाऊक नव्हतं. बू लारासच्या सासऱ्याच्या काळात पडवीला धुराडं नव्हतं, बायका खोकून खोकून रडायच्या. एका सकाळी पोनियेमने सगळ्या शेगड्या विझवल्या आणि उंबऱ्यात जाऊन बसली. चौथ्या दिवशी धुराडं आलं. लिहायला-वाचायला ती भिंतींवरच्या जाहिराती वाचून शिकली, आणि तेव्हापासून दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर तिने कधी अंगठा दिला नाही. अशी बाई एका चिलटाएवढ्या थेंबाला घाबरणार? ती पाळतीवर बसणार.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तिने अंबाड्यातला एक लांब पांढरा केस उपटला. एक टोक स्वतःच्या घोडीच्या पायाला, दुसरं जुमिराहच्या पाटाला. गाठी मारल्या. जुमिराहने पाट हलवला किंवा घोडी ओढली, की केस तुटणार.

दुपारपर्यंत केस शाबूत होता. आणि कापडावर दोन जुळी होती.

त्या दिवशी पोनियेम जेवायला गेली नाही. पाण्याच्या रांजणामागे उकिडवी बसून राहिली. पडवी रिकामी झाली, आणि जुमिराह आली. इकडे-तिकडे पाहिलं, शेगडीतून तापलेली लोखंडी पट्टी काढली, ओला फडका घेतला, आणि पोनियेमच्या कापडावर वाकली.

"सापडलीस!"

जुमिराहच्या हातातली पट्टी खणकन पडली.

"यू, आधी ऐक तरी..."

"एकवीस वर्षं ऐकतेय! आधी डाग घालायचा, मग घासून घासून कापडाचा जीव काढायचा. रंगात टाकलं की तिथेच निळं फुटणार, आणि नाव पोनियेमचं! थोडी थांबली असतीस. मी मेले की जागा तुझीच होती."

तोवर सगळ्या जमल्या. जुमिराह काही बोलेल म्हणून पोनियेम थांबली. भांडणात समोरच्याला एक वार द्यायचा असतो. पण जुमिराहने फक्त आपला पाट उचलला, केस तटकन तुटला तोही तिला दिसला नाही, आणि ती थेट पलीकडच्या टोकाच्या कढईपाशी जाऊन बसली. मान खाली घालून.

अपराधी माणूस असाच बसतो, पोनियेमने ठरवून टाकलं.

आठवड्याने विद्यापीठातून केनांगा नावाची एक पोरगी आली. सोबत एक पेटी, तारा आणि कागदांचा गठ्ठा. बू लारासने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "वय वाढतं तसं हात कसे चालतात, याचा अभ्यास आहे. तुम्ही हातावर जगणाऱ्या, म्हणून तुमच्याकडे आल्यात."

भांडण झालं आणि आठवड्यात हात मोजणारी दारात. योगायोगावर पोनियेमचा कधीच विश्वास नव्हता. तिने कागद घेतला आणि बोटाखाली एकेक शब्द धरून वाचला. सगळ्या थांबून राहिल्या.

"इथे लिहिलंय, निष्कर्ष संबंधितांना कळवले जातील. संबंधित कोण? ह्या?" तिने हनुवटीने मालकिणीकडे दाखवलं.

"संबंधित म्हणजे तुम्हीच, म्बाह," केनांगा म्हणाली, आजीला म्हणतात तसं.

"मग तसं लिही. 'तुम्हीच.' शाई महाग झालीय का?"

केनांगाने बू लारासकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि संबंधित खोडून लिहिलं: ज्याचा हात त्यालाच, दुसऱ्या कुणालाही नाही. पोनियेमने बावीसच्या बावीस कागदांवर ते लिहून घेतलं. मग स्वतःच पहिली जाऊन बसली. शत्रूचं हत्यार आधी आपण हाताळावं.

मागच्या खोलीत टेबलावर दोन छोट्या गाद्या होत्या. उजवं बोट पटापट आपटायचं, डाव्या हाताने नुसतं पडून राहायचं. पडद्यावर दोन रेघा. वरची रेघ उड्या मारत होती, ती मारणारच. खालची सपाट हवी होती. पण वरची उडाली की खालचीही उडत होती, बारीक, त्याच ठेक्यात, बाजारात आईच्या मागून पदर धरून चाललेल्या पोरासारखी.

"यंत्र बिघडलंय तुझं."

"नाही, म्बाह."

"ऊठ. तू बस."

केनांगा बसली. तिची खालची रेघ चटईसारखी सपाट.

"तुझं यंत्र, तुझीच बाजू घेणार."

केनांगा हसली नाही, आणि ते पोनियेमला थोडं आवडलं. "मेंदूचे दोन भाग असतात, म्बाह. डावा भाग उजवा हात चालवतो. चालवताना शेजारच्या भागाला दटावत असतो, तू गप्प बस म्हणून. वय झालं की ती दटावणी ढिली पडते. मग शेजारीही बडबडायला लागतो आणि डावा हात उजव्याची नक्कल करतो. इतकी थोडी, की ज्याचा हात त्याला कळत नाही."

"सगळ्यांचं होतं?"

"कमी-जास्त. जी म्हातारी माणसं आयुष्यभर भरपूर चालतात, दम लागेल इतकं, त्यांच्यात दटावणी बऱ्यापैकी टिकलेली दिसते. सगळ्यांत नाही."

"आणि मध्येच चालणं सोडलं, पुन्हा धरलं, तर?"

"परत येत असावी. नक्की माहीत नाही. म्हणून तर मोजतोय."

"म्हणजे तुलाच माहीत नाही."

"अर्धं माहीत आहे."

"अर्धं माहीत असणाऱ्यांनीच गावं बुडवलीत, न्दुक," ती म्हणाली, लेकीला हाक मारावी तसं. पण पोरीने खोटं सांगितलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं.

"तुम्ही दिवसाला किती चालता, म्बाह?"

पोनियेम तोऱ्यात सांगायला गेली आणि अडकली. पूर्वी जाऊन-येऊन सहा किलोमीटर, शिवाय डोंगरावरच्या राजांच्या कबरींपर्यंतच्या पायऱ्या, डोक्यावर सरपण. मग सहा वर्षांपूर्वी मुलाने, सुगेंगने मोटारसायकल घेतली. आता दारापासून गाडीपर्यंत, गाडीपासून पाटापर्यंत. दिवसभर बैठक.

"तुला काय करायचंय?" म्हणून ती उठली.

घरी आल्यावर तिने दार लावून घेतलं. मोठ्या परातीत तांदळाचं पीठ पसरलं, हाताने सारखं केलं. डावा हात अलगद पिठावर ठेवला. उजव्या हातात चांटिंग, समोर चिंधी, शेजारी शेगडीवर मेण. चाळीस ठिपके टाकले, नजर चिंधीवरून न हलवता. मग डावा हात सरळ वर उचलला.

हात नुसता ठेवला असता तर पाच बोटांचा ठसा उमटला असता. इथे बोटांच्या शेंड्यांशी पीठ उकरलं होतं, कोंबडीने उकरावं तसं. तिने मोजलं. बावीस जागी.

दचकली की समोरच्याची नक्कल करत सुटणारी एखादी म्हातारी प्रत्येक गावात असते. तिला लाताह म्हणतात. तिच्या मागे जाऊन टाळी वाजवायची आणि ती नाचली की हसायचं, हा सगळ्या गावाचा खेळ. पोनियेमनेही लहानपणी ती टाळी वाजवली होती. आता तिचा स्वतःचा डावा हात लाताह झाला होता.

मग एकेक कडी आपोआप जोडली गेली. लिहिताना डावा हात कापडाखाली असतो, कापडाला आधार देत. तो उडाला की कापड वर उचललं जातं आणि उठत्या चोचीला पुन्हा चिकटतं. जुळं. कापडाखालचा तो हात कुणाला दिसतो? डावीकडे बसलेलीला. किती महिने पाहत होती ती? आणि ती तापलेली पट्टी... जुमिराह डाग घालत नव्हती. डाग काढत होती.

इथे एखादी उठून माफी मागायला गेली असती. पोनियेम गेली नाही. माफी मागणं तिला जमत नव्हतं, आणि शिवाय नवा संशय उभा राहिला होता. पुसलं कशासाठी? माझी लाज झाकायला, की मला मिंधं करून ठेवायला? तोंडावर का सांगितलं नाही? लोकांच्या वाईटपणाचा माग तिला काढता यायचा. चांगुलपणाचा माग काढायची सवय नव्हती.

दुसऱ्या सकाळी तिने गाडीवर बसायला नकार दिला.

"म्बोक, बस ना," सुगेंग आईला म्हणाला. "लोक म्हणतील, म्हातारीला चालवतो."

"लोकांना सांग, म्हातारीचा गाडीवर भरवसा नाही."

ती चालली. भाताच्या खाचरांमधून तीन किलोमीटर, आणि वाटेत वळून डोंगराच्या पायऱ्या. पहिल्या दिवशी शंभरीच्या आत छाती भात्यासारखी झाली आणि ती एका पायरीवर बसून केनांगाच्या सात पिढ्यांना आठवत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

बू लारासकडे जाऊन तिने स्वतःहून रेघांचं काम मागितलं. "थोडे दिवस. डोळ्यांत धूर जातो."

"धुराडं तुम्हीच बसवून घेतलंत ना?" बू लारास तिच्याकडे नीट पाहत म्हणाली.

"जुनं झालं. सगळंच जुनं होतं."

पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यात पोनचा वार आला की ती परात काढायची. तिचा जन्म पोनचा, नावही त्यावरून. त्या दिवशी नशीब खोटं बोलत नाही असं आई म्हणायची. चाळीस ठिपके, हात वर, मोजणी. वीस. तेवीस. एकवीस. पाच पोन गेले आणि काही फरक नाही. "अर्धं माहीत!" ती पिठालाच म्हणाली.

आठव्या पोनला चौदा आले. तिला आनंद झाला नाही, शंका आली. पीठ दमट असेल. तिने पीठ बदललं. बारा. चाचणी सकाळी केली, मग बाजारातून दमून आल्यावर केली. अकरा, तेरा. एकदा मध्येच सुगेंगने दारातून विचारलं, "म्बोक, माझी लुंगी कुठंय?" ती उत्तर देता देता ठिपके टाकत राहिली, आणि हात उचलला तर परातीत पुन्हा कोंबड्या. म्हणजे बोलणंही हाताच्या वाटणीचं काहीतरी खाऊन टाकत होतं.

आणि हे चालण्याने होत होतं, की दर पोनला डाव्यावर डोळा ठेवल्याने? त्यालाही आता धाक बसला असेल. केनांगा भेटली तर हे विचारायचं, असं तिने मनात टिपून ठेवलं. तोपर्यंत चालणं सोडायचं नाही; आरोपी कोण हे ठरेपर्यंत कुणालाच मोकळं सोडू नये.

पायऱ्यांवर आता दम शंभरीत लागत नव्हता, दोनशेच्या पुढे लागत होता. पलीकडच्या टोकाच्या कढईपाशी जुमिराह खाली मान घालून लिहीत असायची. दोघी एकमेकींच्या वाटेत यायच्या आणि भिंतीकडे बघत जायच्या.

अठराव्या पोनच्या दुसऱ्या दिवशी लग्नाचं कापड आलं. बू लारासने ते पडवीत उलगडलं. शिसपेन्सिलीची नक्षी, पानात पान, आणि प्रत्येक पानाचं पोट ठिपक्यांसाठी रिकामं.

"ठिपके या वेळी जुमिराहकडे द्यावे म्हणते," बू लारास म्हणाली. "पोनियेमबाईंनी आता जरा आराम..."

"कुणी सांगितलं? त्या पोरीने?"

"तिने?" बू लारास कडवट हसली. "मी विचारलं होतं तिला. तिने कागद पुढे केला. ज्याचा हात त्यालाच. तुमचीच करामत ना ती? तुम्ही तीन महिने रेघा मागताय, त्यावरून मी समजायचं ते समजले."

म्हणजे विचारलं होतं! पोनियेमला एवढ्यातही बरं वाटलं. निदान एक संशय तरी पायावर उभा होता.

"परात आणा," ती म्हणाली. "आणि तांदळाचं पीठ."

कुणाला काही कळेना, पण परात आली. तिने पीठ पसरलं, डावा हात ठेवला आणि उजव्या हाताने चिंधीवर ठिपके टाकायला घेतले. "चाळीस. कुणी तोंड उघडायचं नाही." मेणाचा बुडबुडा फुटलेला ऐकू येत होता. चाळिसाव्याला तिने चांटिंग खाली ठेवली आणि डावा हात सरळ वर उचलला.

पाच बोटांचा ठसा. तर्जनीच्या टोकाशी पीठ जरा विस्कटलेलं, करंगळीशी एक ओरखडा.

"दोन," पोनियेमने स्वतःच सांगितलं. "दोनदा उडाला. तीन महिन्यांपूर्वी बावीसदा उडत होता. तेव्हाची जुळी कोण पुसत होतं, ते मला माहीत आहे. मी तिला चोर म्हणाले, तेही मला माहीत आहे."

ती जुमिराहकडे बघत नव्हती, पण सगळ्या पडवीने जुमिराहकडे पाहिलं.

"ठिपके मी करणार. सकाळी चालून आल्यावर, दुपारच्या नमाजेपर्यंत. त्या वेळात माझ्याशी कुणी बोलायचं नाही. आणि माझ्या डावीकडे जुमिराह पाहिजे. हात उडाला की तोंडावर सांगायचं. मागून पुसायचं नाही."

"तोंडावर सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?" पलीकडून जुमिराह म्हणाली. तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य.

"नसतं ऐकलं. तरी सांगायचं."

"आणि दुपारनंतर?"

"दुपारनंतर तू लिहायचं, मी तुझ्या डाव्यावर नजर ठेवणार. तुलाही एकसष्ट झाली, पोर नाहीस."

"एका कापडावर दोन हात?" बू लारास म्हणाली. "गिऱ्हाईक ओळखेल."

"ओळखलं तर मला दाखव. पाया पडते त्याच्या."

बू लारासने परातीतल्या दोन ओरखड्यांकडे वाकून पाहिलं. मग कापडाची घडी करून पोनियेमच्या मांडीवर ठेवली. "पहिली पट्टी बघते. मग ठरवते."

"बघ. भिंग घेऊन बघ."

जुमिराह आपला पाट घेऊन आली. जुन्या जागी ठेवण्याआधी तिने तो उलटा केला, झटकला आणि थबकली. पाटाच्या पायाला काहीतरी चमकत होतं. तिने नखाने ते ओढून पाहिलं.

"यू, हा पांढरा केस तुझा ना?"

पोनियेम चांटिंगच्या चोचीवर फुंकर मारत होती. "वाऱ्याने आला असेल."

"गाठ मारून?"

"बोलू नकोस," पोनियेम म्हणाली. "माझा हात उडेल."